बॅटन रूजच्या रस्त्यावरील ती स्त्री : निषेधाचे एक छायाचित्र कसे वाचावे

९ जुलै २०१६ रोजी अमेरिकेतील लुईझियाना राज्याची राजधानी असलेल्या बॅटन रूज शहरात, पोलीस मुख्यालयासमोरच्या एअरलाइन हायवेवर, रॉयटर्स या वृत्तसंस्थेसाठी काम करणारे छायाचित्रकार जोनाथन बॅकमन यांनी एक छायाचित्र टिपले. अंगात उन्हाळी झुळझुळीत लांब पोशाख घातलेली एक कृष्णवर्णीय स्त्री रस्त्यात ताठ उभी आहे, तिने हात पुढे केले आहेत, आणि डोक्यापासून पायापर्यंत चिलखत चढवलेले दोन पोलीस तिला अटक करण्यासाठी तिच्या अगदी समोर येऊन ठेपले आहेत. त्यांच्या मागे तशाच वेशातील पोलिसांची लांबलचक रांग आहे. छायाचित्र प्रसिद्ध होताच ते समाजमाध्यमांवरून जगभर फिरले आणि पुढच्या वर्षी वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत समकालीन प्रश्नांच्या विभागात, एकल छायाचित्रांत, त्याला पहिले पारितोषिक मिळाले.

पोलीस आणि कृष्णवर्णीय समाज यांच्यातील ताण दाखवणारे छायाचित्र म्हणून याचा उल्लेख वारंवार होतो. पण ताण ही काही डोळ्यांना थेट दिसणारी वस्तू नाही. छायाचित्रात दिसतात ती माणसे, कपडे, हातांची ठेवण, रस्ता आणि उजेड. या दिसणाऱ्या गोष्टींतून न दिसणारा ताण आपल्यापर्यंत कसा पोहोचतो, त्यात कॅमेऱ्याचा वाटा किती, आपल्या आधीच्या माहितीचा वाटा किती, आणि छायाचित्राने काय काय गाळले आहे, हे या लेखात एकाच छायाचित्राच्या आधारे उलगडून पाहायचे आहे.

त्या आठवड्यात काय घडले होते

त्या स्त्रीचे नाव आयेशा इव्हान्स. पेशाने परिचारिका, एका लहान मुलाची आई, आणि दुसऱ्या राज्यातून बॅटन रूजला आलेली. तिच्या आयुष्यातील ते पहिलेच आंदोलन होते. ती तेथे का आली हे समजण्यासाठी आधीचे चार दिवस पाहावे लागतात.

५ जुलैच्या मध्यरात्रीनंतर बॅटन रूजमधील एका दुकानाबाहेर सीडी विकणाऱ्या आल्टन स्टर्लिंग या ३७ वर्षांच्या कृष्णवर्णीय माणसाला दोन पोलिसांनी जमिनीवर पाडले आणि त्यांपैकी एकाने त्याच्यावर गोळ्या झाडल्या. कोणीतरी पिस्तूल दाखवून धमकावत असल्याची तक्रार आल्यावरून पोलीस तेथे पोहोचले होते. स्टर्लिंग यांच्या खिशात पिस्तूल होते, असे पोलिसांनी सांगितले. जवळ उभ्या असलेल्यांनी घेतलेली चित्रफीत त्याच दिवशी लोकांसमोर आली. दुसऱ्या दिवशी, ६ जुलैला, मिनेसोटा राज्यात वाहन-तपासणीच्या वेळी फिलँडो कॅस्टिल यांना एका पोलिसाने गोळ्या घातल्या आणि त्यानंतरची दृश्ये त्यांच्याबरोबर गाडीत असलेल्या मैत्रिणीने फोनवरून थेट प्रक्षेपित केली. ७ जुलैला टेक्सासमधील डॅलस शहरात निषेध मोर्चा चालू असताना एका बंदूकधाऱ्याने पाच पोलिसांना ठार केले. म्हणजे ९ जुलैला बॅटन रूजच्या रस्त्यावर समोरासमोर उभ्या राहिलेल्या दोन्ही बाजूंच्या मनात ताजे मृत्यू होते. आंदोलकांच्या मनात स्टर्लिंग आणि कॅस्टिल होते; पोलिसांच्या मनात डॅलसचे सहकारी होते.

पण आठवड्याचा हिशेब मांडून भागत नाही, कारण या शहराची स्मृती त्याहून बरीच जुनी आहे. बॅटन रूजच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीय निम्म्याहून अधिक, आणि पोलीस दलात मात्र गोऱ्यांचे मोठे बहुमत, अशी २०१६ मधील स्थिती होती. १९५३ साली याच शहरात रेव्हरंड टी. जे. जेमिसन यांच्या नेतृत्वाखाली कृष्णवर्णीयांनी बसमधील वर्णभेदाविरुद्ध बसगाड्यांवर बहिष्कार घातला होता. अलाबामा राज्यातील माँटगोमेरी शहराच्या सर्वपरिचित बस-बहिष्काराच्या दोन वर्षे आधीची ही घटना आहे, आणि मार्टिन ल्यूथर किंग यांनी माँटगोमेरीच्या वेळी जेमिसन यांचा सल्ला घेतला होता. १९७२ च्या नोव्हेंबरमध्ये येथील सदर्न युनिव्हर्सिटी या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठात निदर्शने चालू असताना शेरीफच्या, म्हणजे स्थानिक पोलीस प्रमुखाच्या, शिपायांच्या बाजूने झालेल्या गोळीबारात दोन विद्यार्थी मरण पावले आणि त्या प्रकरणात कोणालाही शिक्षा झाली नाही. याही मागे जायचे, तर अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत अठराव्या शतकाच्या आरंभापासून गुलामांना अडवण्यासाठी, तपासण्यासाठी आणि पळून गेलेल्यांना पकडण्यासाठी गस्ती पथके फिरत असत, आणि तेथील पोलीस व्यवस्थेच्या पूर्वजांत अनेक इतिहासकार या पथकांची गणना करतात. छायाचित्रात यातले काहीच दिसत नाही, तरीही ज्याला हे ठाऊक आहे त्याला ते छायाचित्र वेगळे दिसते.

चौकटीच्या आत

आता छायाचित्राकडेच वळू. पहिली लक्षात येणारी गोष्ट म्हणजे ती स्त्री आणि ते दोन पोलीस यांच्यामधली मोकळी जागा. हे अंतर जेमतेम हातभर आहे. माझ्या मते या छायाचित्राचा सारा जोर त्या रिकाम्या जागेत आहे. स्पर्श झाला असता, तर ते अटकेचे छायाचित्र झाले असते आणि अशी छायाचित्रे त्या आठवड्यात शेकड्यांनी निघाली. अंतर जास्त असते, तर ते फक्त समोरासमोर उभे राहण्याचे छायाचित्र झाले असते. येथे पोलीस पोहोचले आहेत पण अजून त्यांनी धरलेले नाही; तिने हात दिले आहेत पण ते अजून घेतले गेलेले नाहीत. पुढे काय होणार हे आपल्याला कळते, पण ते घडताना दिसत नाही, आणि पाहणाऱ्याला ते मनातल्या मनात पुरे करावे लागते. ते पुरे करताना प्रत्येक जण स्वतःच्या अनुभवातली भीती, राग किंवा विश्वास त्यात भरतो. ताण जाणवतो तो या अपुरेपणामुळे.

ही जागा दिसते ती मुळात छायाचित्रकार कोठे उभा होता त्यामुळे. बॅकमन यांनी हा प्रसंग बाजूने टिपला आहे. पोलिसांच्या पाठीमागून छायाचित्र घेतले असते, तर त्यांच्या रुंद पाठींनी ती स्त्री जवळजवळ झाकून टाकली असती आणि आपण नकळत पोलिसांच्या जागी उभे राहून तिच्याकडे पाहिले असते. तिच्या मागून घेतले असते, तर अंगावर चालून येणारे पोलीस आपल्याच अंगावर आल्यासारखे वाटले असते आणि भीती हा मुख्य भाव झाला असता. बाजूने पाहिल्यामुळे आपण दोघांपैकी कोणाच्याच जागी उभे नसतो. आपण रस्त्याच्या कडेचे साक्षीदार होतो. छायाचित्र वाचायला बसताना सर्वांत आधी विचारावा असा प्रश्न हाच आहे, की हे छायाचित्र मला कोठे उभे करते.

त्यानंतर शरीरांची ठेवण. आयेशा इव्हान्स यांचा देह सरळ रेषेसारखा आहे: पाठ ताठ, मान वर, पाय स्थिर. दोन्ही पोलिसांची शरीरे मात्र वाकलेली, पाय पुढेमागे झालेले, चालीच्या मध्येच पकडलेली. स्थिर आणि अस्थिर यांच्यातला हा फरक डोळा क्षणात टिपतो. कोणत्याही झटापटीत आपण साधारणपणे असे गृहीत धरतो, की ज्याच्याकडे बळ आहे तो पाय रोवून उभा राहील आणि ज्याच्याकडे नाही तो डगमगेल. येथे ते उलटे झाले आहे. पाहणाऱ्यांपैकी पुष्कळांना ते पोलीस मागे रेलल्यासारखे, जणू काही एखाद्या अदृश्य शक्तीने थोपवल्यासारखे वाटले, आणि छायाचित्राच्या प्रसिद्धीत या भासाचा वाटा मोठा आहे.

कपड्यांचा विरोध तर उघडच आहे. तिच्या अंगात पातळ कापडाचा, हातांवर बाह्या नसलेला लांब पोशाख आहे आणि त्याचा घेर वाऱ्याने किंचित फुलला आहे. पोलिसांच्या अंगावर हेल्मेट, तोंडापुढे काच, छातीला आणि गुडघ्यांना संरक्षक कवच, जाड हातमोजे. एकीकडे त्वचा दिसते, दुसरीकडे माणूस कवचाआड गेला आहे. मागच्या रांगेतला प्रत्येक पोलीस जवळपास सारखाच दिसतो, त्यामुळे त्या बाजूला माणसे न राहता एक संस्था उभी राहते. या बाजूला मात्र एक चेहरा, एक पोशाख, एक व्यक्ती आहे. या छायाचित्रातील पोलीस कोणत्या वर्णाचे आहेत यावर त्याचा अर्थ अवलंबून नाही. गणवेशाने तो प्रश्नच बाजूला सारला आहे, आणि कृष्णवर्णीय वस्त्यांतील लोकांची तक्रारही बहुधा एखाद्या शिपायाबद्दल नसून त्याच्या मागे उभ्या असलेल्या यंत्रणेबद्दल असते.

या कवचांमागे एक धोरणात्मक इतिहास आहे. लष्कराकडील अतिरिक्त सामग्री स्थानिक पोलिसांना देण्याची अमेरिकी संरक्षण खात्याची योजना १९९० च्या दशकापासून चालू आहे. २०१४ साली मिझुरी राज्यातील फर्ग्युसन शहरात, मायकल ब्राउन या तरुणाच्या पोलिसाच्या गोळीने झालेल्या मृत्यूनंतर निदर्शने उसळली, तेव्हा चिलखती गाड्या आणि लष्करी पद्धतीच्या बंदुका घेतलेले पोलीस रस्त्यावर उतरलेले जगाने पाहिले. त्यावर टीका झाल्यावर राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी २०१५ मध्ये या योजनेवर काही निर्बंध घातले आणि २०१७ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांच्या प्रशासनाने ते उठवले. लष्करी वेशातील पोलीस हे दृश्य २०१६ पर्यंत अमेरिकी वाचकांच्या ओळखीचे झाले होते, आणि म्हणूनच एका साध्या उन्हाळी पोशाखासमोर ते इतके विसंगत वाटले.

शटरने थांबवलेला क्षण

आता एक अवघड गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्याशिवाय हे विवेचन अर्धवट राहील. पोलीस मागे रेलल्यासारखे दिसतात, पण ते मागे रेलत नव्हते. ते चालत पुढे येत होते आणि तिला धरण्याच्या बेतात होते. झपाट्याने पुढे आलेला माणूस थांबताना शरीराचा भार क्षणभर मागे टाकतो. प्रत्यक्ष पाहताना किंवा चित्रफितीत आपल्या हे लक्षातही येत नाही, कारण पुढच्याच क्षणी ती हालचाल पुरी होते. स्थिर छायाचित्र मात्र सेकंदाचा एक बारीक अंश कापून घेते आणि आधीचे-नंतरचे टाकून देते. त्या तुकड्यात थांबण्याची हालचाल माघारीसारखी दिसू शकते.

बॅकमन यांनी नंतर सांगितलेला वृत्तान्त असा, की ते दुसऱ्या दिशेने आंदोलक आणि पोलीस यांच्यातील वादाची छायाचित्रे घेत होते; मागे वळून पाहिले तेव्हा ही स्त्री रस्त्यात उभी होती. ती काही बोलली नाही, तिने प्रतिकार केला नाही, पोलिसांनीही तिला फरपटत नेले नाही, आणि सारे काही सुमारे अर्ध्या मिनिटात संपले. त्यांनीच घेतलेल्या पुढच्या छायाचित्रांत पोलीस तिला धरून नेताना दिसतात. ती छायाचित्रेही प्रसिद्ध झाली, पण ती कोणाच्या फारशी लक्षात राहिली नाहीत.

मग प्रसिद्ध छायाचित्र खोटे आहे काय? माझे उत्तर स्पष्टपणे नाही असे आहे. त्यात काहीही मांडून ठेवलेले नाही आणि काहीही बदललेले नाही. ते एका क्षणाबद्दल खरे आहे, पण त्या क्षणाची निवड छायाचित्रकाराने आणि त्यानंतर संपादकाने केली आहे, आणि निवड करणे म्हणजे अर्थ लावणे. वृत्तछायाचित्र पाहताना आपण बरेचदा अशी समजूत करून घेतो, की कॅमेरा फक्त नोंद करतो. तो नोंद करतो हे खरे, पण कोणत्या क्षणाची, कोणत्या बाजूने, किती भाग कापून, हे माणूस ठरवतो. दूरचे दृश्य जवळ आणणारी लेन्स वापरली, की मागची रांग पुढच्या माणसांना चिकटल्यासारखी भासते आणि गर्दी अधिक दाट वाटते. रुंद लेन्स वापरली, की तीच रांग दूर आणि विरळ दिसते. पोलीस आणि नागरिक यांच्यातील संघर्षाची छायाचित्रे पाहताना ही तांत्रिक बाब लक्षात ठेवणे दोन्ही बाजूंना न्याय देण्यासाठी आवश्यक आहे, कारण जमाव मोठा किंवा पोलीस आक्रमक भासवण्याचे काम कधी कधी नुसती लेन्स करते.

चौकटीच्या बाहेर

त्या दिवशी रस्त्यावर आयेशा इव्हान्स एकट्या नव्हत्या. शेकडो आंदोलक होते, पत्रकार होते, घोषणा चालू होत्या. बॅटन रूजमध्ये त्या एका रात्रीत सुमारे १०० जणांना अटक झाली आणि त्यांत पोलिसी हिंसेविरुद्धच्या चळवळीतील प्रसिद्ध कार्यकर्ते डिरे मकेसन हेही होते. छायाचित्रातील एकटेपणा हा चौकटीने निर्माण केलेला आहे. गर्दी बाहेर राहिल्यामुळे सामूहिक आंदोलनाचे रूपांतर एका व्यक्तीच्या धैर्यात झाले. यामुळे दूरच्या वाचकाला त्या स्त्रीशी नाते जोडणे सोपे गेले, यात शंका नाही. पण ज्या संघटनांनी ते आंदोलन उभे केले आणि ज्या स्थानिक लोकांनी पुढेही ते चालू ठेवले, ते लोक या छायाचित्राच्या कीर्तीत हरवले.

पोलिसांचे म्हणणेही चौकटीबाहेर राहिले. महामार्ग मोकळा ठेवण्याचे आदेश दिले होते आणि ते न पाळणाऱ्यांना अटक झाली, अशी त्यांची बाजू होती. आयेशा इव्हान्स यांच्यावर महामार्गावर अडथळा आणल्याचा किरकोळ आरोप ठेवण्यात आला, त्यांना ती रात्र तुरुंगात काढावी लागली, दुसऱ्या दिवशी सुटका झाली आणि फक्त एवढाच आरोप असलेल्यांवर खटले न चालवण्याचा निर्णय सरकारी वकिलांनी घेतला. डॅलसच्या हत्याकांडाला तेव्हा दोनच दिवस झाले होते, आणि या छायाचित्रानंतर आठच दिवसांनी, १७ जुलैला, बॅटन रूजमध्येच एका बंदूकधाऱ्याने तीन पोलिसांना ठार केले. चिलखतामागे भीती असू शकते, हे मान्य करण्याने त्या स्त्रीच्या बाजूचे काहीही कमी होत नाही. मात्र दोन्ही भीती सारख्या मापाच्या आहेत असे मी म्हणणार नाही. पोलीस आपली भीती कवच, शस्त्र, सहकारी आणि कायद्याचे पाठबळ सोबत घेऊन वागवतो. रस्त्यात थांबवलेल्या कृष्णवर्णीय माणसाकडे यांतले काहीच नसते. छायाचित्रातील रचना हा असमतोल जसा आहे तसा दाखवते, आणि त्या बाबतीत ती प्रामाणिक आहे.

छायाचित्राखालची ओळ हीसुद्धा चौकटीबाहेरचीच गोष्ट. याच दृश्याखाली ‘रस्ता अडवणाऱ्या आंदोलक महिलेला अटक’ असे लिहिले, तर वाचक कायद्याच्या अंमलबजावणीकडे पाहतो. ‘निःशस्त्र स्त्री चिलखती पोलिसांसमोर’ असे लिहिले, तर तो अन्यायाकडे पाहतो. दोन्ही ओळी वस्तुस्थितीला धरूनच आहेत. म्हणून शक्य असेल तेव्हा आधी छायाचित्र नीट न्याहाळावे, आपल्याला त्यात काय दिसते ते मनाशी नोंदवावे, आणि मग ओळ वाचावी. उलट क्रमाने गेल्यास डोळा फक्त ओळीतले शब्द शोधत राहतो.

शांत राहण्याची अट

या छायाचित्राबद्दल मला सर्वांत जास्त विचारात पाडणारा प्रश्न असा आहे, की लाखो लोकांच्या मनात घर करण्यासाठी त्यातील कृष्णवर्णीय व्यक्ती इतकी शांत, इतकी निश्चल आणि इतकी निर्दोष असावी लागते काय? हा प्रश्न जुना आहे आणि तो समजण्यासाठी अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅम शहरात जावे लागते.

३ मे १९६३ रोजी तेथे नागरी हक्कांसाठी शाळकरी मुलांचे मोर्चे निघाले असताना असोसिएटेड प्रेस वृत्तसंस्थेचे छायाचित्रकार बिल हडसन यांनी एक छायाचित्र टिपले. एका गोऱ्या पोलिसाने कृष्णवर्णीय मुलाचा स्वेटर धरला आहे आणि त्याच्या हातातील कुत्रा मुलाच्या पोटावर झेपावला आहे. दुसऱ्या दिवशी ते न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर आले, देशभर संताप उसळला, आणि १९६४ च्या नागरी हक्क कायद्याला अनुकूल असे लोकमत घडवण्यात बर्मिंगहॅमच्या छायाचित्रांचा वाटा मोठा होता असे मानले जाते. पाहणाऱ्यांनी त्या मुलात अहिंसक, असहाय सत्याग्रही पाहिला. प्रत्यक्षात तो मोर्चात सहभागी नव्हता, बघ्यांपैकी एक होता. शिवाय छायाचित्र बारकाईने पाहिले, तर त्याचा गुडघा कुत्र्याच्या छातीशी उचललेला दिसतो. म्हणजे तो स्वतःचा बचाव करत आहे. मार्टिन बर्गर या कला-इतिहासकारांनी पुढे दाखवून दिले, की उत्तरेकडील गोऱ्या वाचकांना सहानुभूती वाटण्यासाठी कृष्णवर्णीय माणूस निष्क्रिय बळी म्हणून दिसणे सोयीचे होते, त्यामुळे तशीच छायाचित्रे अधिक छापली गेली आणि प्रतिकार करणाऱ्यांची मागे पडली.

याच्या शेजारी फर्ग्युसनचे एक छायाचित्र ठेवावे. १३ ऑगस्ट २०१४ च्या रात्री सेंट लुईस पोस्ट-डिस्पॅच या दैनिकाचे छायाचित्रकार रॉबर्ट कोहेन यांनी अमेरिकी झेंड्याची नक्षी असलेला शर्ट घातलेला एक तरुण टिपला. त्याच्या एका हातात चिप्सचे पाकीट आहे आणि दुसऱ्या हाताने तो धूर सोडणारे अश्रुधुराचे नळकांडे भिरकावतो आहे. त्या दैनिकाला फर्ग्युसनच्या छायाचित्रांसाठी २०१५ चा पुलित्झर हा पत्रकारितेतील पुरस्कार मिळाला. पण या छायाचित्राबाबत एकमत कधीच झाले नाही. जवळ उभ्या असलेल्या मुलांपासून ते नळकांडे दूर फेकत होतो, असे त्या तरुणाचे म्हणणे होते; पोलिसांवर फेकल्याचा आरोप त्याच्यावर ठेवण्यात आला. त्याच्या शरीरात हालचाल आहे, राग आहे, आणि म्हणून पाहणाऱ्यांची दोन टोके झाली. बॅटन रूजच्या स्त्रीबद्दल मात्र तिचे कौतुक करायला फारसे कोणाला अवघड गेले नाही.

मराठी वाचकांना कृष्णवर्णीय चळवळीचे आणखी एक रूप चांगले परिचित आहे. १९६६ साली कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या ब्लॅक पँथर पक्षाने काळी जाकिटे, तिरक्या टोप्या आणि उघडपणे धरलेल्या बंदुका यांतून मुद्दाम आव्हानाची भाषा उभी केली होती, आणि १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नाव तेथूनच घेतले. त्या छायाचित्रांत दया मागण्याला जागाच नव्हती. आयेशा इव्हान्स यांच्या शांतपणाला मी दुबळेपणा म्हणत नाही. अटक होणार हे माहीत असूनही जागेवरून न हलणे हे धैर्यच आहे, आणि नंतर त्यांनी स्वतःला ईश्वराच्या कार्याचे केवळ माध्यम म्हटले. माझी हरकत तिच्यावर नसून आपल्या, म्हणजे पाहणाऱ्यांच्या, निवडीवर आहे. जे आंदोलक ओरडतात, रडतात, हात झटकून सोडवून घेतात, त्यांच्यावर झालेला अन्याय तितकाच खरा असतो. आल्टन स्टर्लिंग रस्त्यावर शांतपणे हात पुढे करून उभे नव्हते, आणि त्यांच्या मृत्यूबद्दल प्रश्न विचारण्यासाठी ते तसे उभे असणे आवश्यकही नाही.

छायाचित्र काय करू शकते

फेब्रुवारी २०१७ मध्ये छायाचित्राला पारितोषिक जाहीर झाले. त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेच्या न्याय विभागाने स्टर्लिंग प्रकरणातील पोलिसांवर केंद्रीय आरोप ठेवण्यास पुरेसा पुरावा नसल्याचे सांगितले. मार्च २०१८ मध्ये लुईझियानाच्या महाधिवक्त्यांनीही खटला न भरण्याचा निर्णय दिला. त्यानंतर काही दिवसांतच गोळ्या झाडणाऱ्या अधिकाऱ्याला पोलीस दलातून बडतर्फ करण्यात आले. २०२१ मध्ये स्थानिक प्रशासनाने स्टर्लिंग यांच्या मुलांबरोबरच्या दिवाणी दाव्यात ४५ लाख डॉलरची तडजोड मान्य केली. जगभर पोहोचलेल्या छायाचित्राचा या निर्णयांवर कोणताही थेट परिणाम झालेला दिसत नाही, आणि तसा तो होण्याची अपेक्षा बाळगणेही चुकीचे ठरेल. निषेधाचे छायाचित्र हे ज्या कृत्याविरुद्ध निषेध आहे त्या कृत्याचा पुरावा नसते. ते नंतरच्या परिस्थितीची, लोकांच्या प्रतिसादाची आणि त्या प्रतिसादाला राज्ययंत्रणेने दिलेल्या उत्तराची नोंद असते.

हा फरक २०२० मध्ये ठळकपणे समोर आला. २५ मे रोजी मिनियापोलिस शहरात जॉर्ज फ्लॉइड यांच्या मानेवर पोलिसाने गुडघा दाबून धरलेला असताना रस्त्यावरून जाणाऱ्या एका १७ वर्षांच्या मुलीने तो सारा प्रसंग फोनवर चित्रित केला. त्या चित्रफितीत रचना नाही, निवडलेला क्षण नाही, डौलदार उभे राहणे नाही; तिच्यात नऊ मिनिटांहून अधिक काळ आहे, आणि तो काळच पुरावा ठरला. न्यायालयात ज्युरींनी ती पुन्हा पुन्हा पाहिली आणि एप्रिल २०२१ मध्ये त्या पोलिसाला खुनाच्या आरोपाखाली दोषी ठरवण्यात आले. त्याच वर्षी पुलित्झर मंडळाने त्या मुलीचा विशेष गौरव केला. बॅकमन यांच्या छायाचित्राने जे केले ते ही चित्रफीत करू शकत नाही आणि तिने जे केले ते छायाचित्राला शक्य नाही. चित्रफीत कृत्य सिद्ध करते, कारण तिच्यात आधी आणि नंतर दोन्ही असतात. स्थिर छायाचित्र एका संबंधाचे रूप दाखवते: कोणाकडे कवच आहे आणि कोणाकडे नाही, कोण कोणाकडे चालत येते, आणि हात पुढे कोणाला करावे लागतात. असे छायाचित्र समोर आले, की त्याच घटनेची आधीची आणि नंतरची छायाचित्रे, उपलब्ध असल्यास चित्रफीत आणि पुढे न्यायालयात काय झाले याची नोंद शोधून ती शेजारी ठेवावी. बॅटन रूजच्या बाबतीत हे सारे आज कोणालाही पाहता येते.